सासऱ्यांच्या टाकीतली खुळखुळ

गाडीला हात लावायचा नाही, असं सासऱ्यांनी तीनदा बजावलं होतं आणि घड्याळजींनी तिन्ही वेळा मान डोलावली होती. त्या वेळी त्यांच्या मनात काहीही पाप नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

सासरे डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तीन महिने थोरल्या मुलीकडे निघाले होते. त्यांची मोटरसायकल जुनी होती, पण पोटच्या पोरीसारखी जपलेली. अकरा वर्षांत त्यांनी या जावयाच्या ताब्यात दिलेली ही दुसरी चीज. पहिली म्हणजे धाकटी मुलगी. तिला देताना त्यांनी इतक्या सूचना दिल्या नव्हत्या.

"दर रविवारी किक मारायची, पाच मिनिटं चालू ठेवायची, पुसायची, झाकायची," सासरे म्हणाले होते. "बाकी एका स्क्रूला बोट लावायचं नाही. घड्याळाचं काम वेगळं आणि यंत्राचं काम वेगळं."

हे शेवटचं वाक्य घड्याळजींच्या जिव्हारी लागायचं. बाजारात त्यांचं दुकान होतं, मोहरीएवढे स्क्रू ते डोळे झाकून बसवत आणि त्यांनी लावून दिलेलं घड्याळ वर्षाला एक मिनिटही चुकत नसे. पण सासरे पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. ज्याच्यात माणूस उभा राहू शकत नाही त्याला ते यंत्र म्हणत नसत. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर एक प्रशस्तिपत्र होतं, 'कल्पकतेबद्दल' असं सोनेरी अक्षरात लिहिलेलं, आणि जावई आला की त्याला नेमकं त्याच्याखालच्या खुर्चीत बसवत. कसली कल्पकता, हे घड्याळजींनी एकदा विचारलं होतं. "यंत्राचं काम होतं," सासरे म्हणाले होते. "तुम्हाला कळायचं नाही."

तर असे बारा रविवार सुरळीत गेले. तेराव्या रविवारी दुपारी चारला सासरे गाडी न्यायला येणार होते. सकाळी नऊला बायको म्हणाली, "अहो, तेवढी गाडी जरा बाजूला घ्या, मला दार धुवायचंय." घड्याळजींनी गाडी स्टँडवरून खाली घेतली, आणि गाडीच्या पोटात कुठेतरी 'खुळ्ळ' असा आवाज झाला.

दुसरा कुणी असता तर त्याने गाडी बाजूला लावली असती आणि चहा प्यायला असता. पण ज्याचं आयुष्य टिकटिक ऐकण्यात गेलं त्याला खुळखुळ सोसत नाही. घड्याळजींनी गाडी पुढे ढकलली. खुळ्ळ. मागे ओढली. खुळ्ळ.

"ऐकलंस का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"नाही."

"आत काहीतरी सुटलंय. बारा आठवडे नव्हतं. बाबा येतील, गाडी हलवतील, आवाज येईल, आणि मग म्हणतील, जावयाने काशी केली."

"तुम्ही हात लावला नाहीत, तर कशाला म्हणतील?"

"तेच तर! हात न लावता नाव खराब व्हायचं. त्यापेक्षा लावलेला बरा."

या वाक्यातला तर्क बायकोने तपासून पाहिला नाही, कारण तिच्या हातात बादली होती. "चारला येणार आहेत," एवढंच म्हणून ती दार धुवायला लागली.

घड्याळजींनी मनगटावर पाहिलं. सात तास. सात तासांत त्यांनी मनोऱ्यावरचं घड्याळ उतरवून चढवलं असतं.

काम करायची त्यांची एक रीत होती. सुटा केलेला प्रत्येक भाग वेगळ्या वाटीत, वाट्या पांढऱ्या कापडावर डावीकडून उजवीकडे. जोडताना उजवीकडून डावीकडे यायचं. शेवटची वाटी रिकामी झाली की काम संपलं. तीस वर्षांत या रीतीने त्यांना एकदाही दगा दिला नव्हता. स्वयंपाकघरातल्या आठ वाट्या अंगणात आल्या.

आधी त्यांनी सीट काढली. खाली काही नव्हतं. हत्यारांची पेटी उघडली, तीत एक वाळलेला फडका होता. मग त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, टॉर्च धरला आणि आत डोकावून पाहिलं. तळाशी, पेट्रोलच्या पाण्यासारख्या थराखाली, वाटाण्याएवढा पोलादी छर्रा चमकत होता. बेअरिंगमध्ये असतो तसला.

"कुणातरी गाढवाने टाकीत छर्रा पाडलाय," घड्याळजींनी समाधानाने जाहीर केलं. रोग कळला की वैद्याला जसं बरं वाटतं तसं त्यांना वाटलं.

चिमटा तळापर्यंत पोचेना. म्हणजे टाकी उलटी करणं आलं. म्हणजे आधी पेट्रोल काढणं आलं. त्यांनी हाताला लागला तो पांढरा कॅन रिकामा करून घेतला आणि नळी सोडवून पेट्रोल त्यात सोडलं. दोनेक लिटर निघालं. कॅनवर बायकोने ठसठशीत अक्षरात 'फरशी' लिहिलेलं होतं. एकदा घड्याळं धुण्याचं औषध चहात पडता पडता राहिलं होतं, तेव्हापासून ती घरातल्या प्रत्येक डब्याबाटलीवर नाव घालत असे आणि नावाप्रमाणे वस्तू जागेवर ठेवत असे.

"गॅस पेटवू नकोस," घड्याळजींनी आत ओरडून सांगितलं. "पेट्रोल उघडं आहे."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

बायकोने हातातली काडी पेटीत परत ठेवली. त्या घरात त्या दिवशी गॅस पेटला नाही.

टाकीचा मागचा बोल्ट गंजून बसला होता. घड्याळजींकडे जे पाने होते ते दात कोरायला बरे. तेव्हा शेजारच्या भोंगेवाल्याला हाक मारावी लागली. हा समारंभांना लाउडस्पीकर भाड्याने देई. जन्मभर माइकसमोर 'हॅलो, हॅलो' केल्यामुळे त्याला हळू बोलता येत नसे. तो पाना घेऊन आला आणि पाना सोडून बाकी सगळं द्यायला लागला.

"टाकी काढताय होय? सासऱ्यांची गाडी ना ही? त्यांनी तर हात लावू नका म्हणून सांगितलं होतं!" हे वाक्य चार घरांपलीकडे ऐकू गेलं.

"तुम्ही पाना द्या."

"मीच फिरवतो. तुमच्या हातात जोर नाही."

त्याने जोर लावला. बोल्ट सुटला, टाकी उचकटली, टाकीखालून जाणाऱ्या वायरींपैकी एक कशाला तरी घासली आणि गाडीचा हॉर्न वाजायला लागला. तो थांबेना. घड्याळजींनी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. हॉर्नला त्याच्याशी काही देणंघेणं राहिलं नव्हतं. खिडक्या उघडल्या. समोरच्या घरातला माणूस तोंडाला साबण लावलेल्या स्थितीत बाहेर आला.

भोंगेवाला मान तिरकी करून ऐकत होता. "आवाज सुरेख आहे हो," तो म्हणाला. "आताच्या हॉर्नला असा आवाज नाही."

बॅटरीची वायर उपटल्यावर शांतता झाली. ती वायर घड्याळजींनी आठवणीने पाचव्या वाटीत घातली, म्हणजे तिचा स्क्रू घातला. साडेअकरा वाजले होते.

आता दोघांनी टाकी उलटी धरली आणि हलवली. छर्रा आत घरंगळत तोंडापाशी यायचा, आणि तिथून परत जायचा. टाकीच्या तोंडाला आतून बोटभर उंच काठ होता. त्या काठाला वळसा घालून छर्रा दर वेळी दुसऱ्या बाजूला निघून जाई. दीड तास हे चाललं. छर्रा दमला नाही.

"लोहचुंबक लावा!" भोंगेवाला गरजला. "माझ्याकडे ढीग पडलेत. जुन्या स्पीकरचे."

घड्याळजी दचकले. घड्याळ आणि लोहचुंबक यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्यांनी घरात चुंबक येऊ दिला नव्हता, फ्रिजवर चिकटवायचं एक भेट आलेलं फुलपाखरूसुद्धा दुसऱ्या दिवशी परत केलं होतं. पण एक वाजत आला होता आणि टाकी जमिनीवर होती. अडला हरी, म्हणतात तसं झालं.

"आणा," ते म्हणाले.

एक छोटा चुंबक दोऱ्याला बांधून टाकीत सोडला. टाकी पोलादाची आहे, हे दोघांनाही माहीत होतं, फक्त आठवलं नाही. चुंबक छर्ऱ्याकडे न जाता 'च्यक' करून टाकीच्या भिंतीला चिकटला. भोंगेवाल्याने दोरा ओढला. हातात दोरा आला.

"सोडा, मिटलं!" भोंगेवाल्याने टाकी उचलून हलवली. खरंच आवाज आला नाही. छर्रा जाऊन चुंबकाला चिकटला होता. "बसवा टाकी! आवाज बंद करायचा होता ना? झाला बंद!"

घड्याळजींच्या कपाळावरची शीर उडाली. "आत एक वस्तू नको ती होती. आता दोन आहेत. मी दुकानात असं काम दिलं असतं तर लोकांनी मला उभं केलं नसतं."

"सासऱ्यांना कुठे दिसणार आहे?"

"मला दिसतंय."

हे मात्र त्यांनी अशा आवाजात म्हटलं की भोंगेवाला पहिल्यांदाच हळू बोलला. "बरं," तो म्हणाला, आणि जेवायला निघून गेला. जाताना एक मोठा चुंबक ठेवून गेला.

एकटे पडल्यावर घड्याळजींचं डोकं चालायला लागलं. त्यांनी मोठ्या चुंबकाला बायकोचा लोकरी मोजा घातला, टाकीच्या रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून, आणि तो बाहेरून भिंतीला लावला. आतल्या चुंबकाने त्याला ओळखलं. मग डाव्या हाताने बाहेरचा चुंबक केसभर सरकवायचा आणि उजव्या हाताने टाकी तोलायची, असं करत त्यांनी आतल्या चुंबकाला छर्ऱ्यासकट भिंतीवरून चालवत चालवत तोंडापर्यंत आणलं. दोनदा पकड सुटली, दोनदा पहिल्यापासून. शेवटी काठावरून तो वळला, आणि पितळी चिमट्याने त्यांनी चुंबक आणि छर्रा दोन्ही बाहेर ओढले.

त्या क्षणी त्यांना जो आनंद झाला तो पाहायला अंगणात कुणी नव्हतं, याचं त्यांना वाईट वाटलं. छर्रा त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. मनगटावर पाहिलं. तीनला दहा कमी. तासाहून अधिक वेळ हाताशी होता. त्यांनी सावकाश हात धुतले, टाकी बाहेरून पुसली, मऊ फडक्याने पुन्हा पुसली, वाट्यांची रांग सरळ केली.

बायको नवी साडी नेसून बाहेर आली. "अहो, अजून टाकी खालीच? बाबा कोपऱ्यावर आलेत! शिंप्याशी बोलतायत!"

"लवकर कसे आले?"

"लवकर कुठे? शिंप्याकडे चारचे ठोके पडले!"

घड्याळजींनी मनगटावर पाहिलं. तीनला दहा कमी. त्यांनी घड्याळ कानाला लावलं. तासभर ते त्या मोठ्या चुंबकाच्या शेजारी होतं. आत टिकटिक नव्हती. हे घड्याळ तीस वर्षांत प्रथमच बंद पडलं होतं, आणि तेही घरात दुसरं घड्याळ नसताना. दुसरं कशाला हवं, असं घड्याळजी नेहमी म्हणत.

सासऱ्यांच्या बोलण्याला नमनालाच घडाभर तेल लागत असे, त्यावर आता सारी भिस्त होती. घड्याळजी उजवीकडून डावीकडे सुटले. टाकी, बॅटरीचा स्क्रू, बोल्ट, वॉशर, नळी, सीट. एकेक वाटी रिकामी होत गेली. बायको रिकाम्या वाट्या उचलून आत पळत होती. आठवी वाटी रिकामी झाली तेव्हा सासरे फाटकात होते आणि जावई फडक्याने हँडल पुसत होता. एकही भाग उरला नव्हता. पेट्रोल वाटीत मावत नाही, म्हणून ते त्या रांगेत नव्हतं.

"बाबा, या," घड्याळजी म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

सासऱ्यांनी नव्या डोळ्यांनी गाडीला एक फेरी मारली. आरशात पाहिलं, सीटवरून हात फिरवला. मग हँडल दोन्ही हातांनी धरून त्यांनी गाडी गदागदा हलवली आणि कान टाकीपाशी नेला. कुठे हूं की चूं नाही.

सासरे सावकाश सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते जावयाने अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"टाकी भरून ठेवलीत?" ते म्हणाले. "फुल्ल?"

"म्हणजे..."

"तुला सांगतो," सासरे मुलीकडे वळले. "या गाडीचा पेट्रोलचा काटा बंद पडून सतरा वर्षं झाली. तेव्हापासून मी टाकीत एक छर्रा सोडून ठेवलाय. टाकी भरलेली असली की तो गप्प बसतो. पेट्रोल उतरत गेलं की बोलायला लागतो. गाडी हलवायची आणि ऐकायचं. ह्याच्यावरच साहेबांनी मला प्रशस्तिपत्र दिलं. यंत्र कानाने चालवायचं असतं!" मग त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "मी मनात म्हणत होतो, हा माणूस घड्याळाचा, ह्याला काय कळणार. पण न सांगता टाकी भरलीत. माणूस जबाबदार आहे."

घड्याळजींच्या खिशात छर्रा होता. तो त्यांना आता पायलीएवढा जड लागत होता. सांगावं की सांगू नये, याचा विचार करायला एक मिनिट मिळालं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. पण अकरा वर्षांनी खांद्यावर आलेला हात झटकून टाकणं सोपं नसतं.

"चहा?" त्यांनी विचारलं.

"गॅस..." बायको म्हणाली आणि नवऱ्याकडे पाहून थांबली.

"नको. तुझी आई वाट बघत असेल." सासऱ्यांनी किक मारली. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली आणि फाटकातून डौलात निघून गेली. कार्बोरेटरमध्ये घोटभर पेट्रोल असतं, तेवढ्यावर.

घड्याळजी पायरीवर बसले. पुढच्या रविवारी जाऊ, सगळं नीट समजावून सांगू, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात आतून किंकाळी आली.

"अहो! हे काय भरून ठेवलंय फरशीच्या कॅनमध्ये?"

मोरीत आपल्या जागेवर नीट ठेवलेला तो कॅन बायकोने उचलला होता, आणि झाकण उघडून बादलीवर धरला होता. घड्याळजी त्या कॅनकडे बघत राहिले. छर्रा नसला की भरलेली टाकीही गप्प असते आणि रिकामी टाकीही गप्प असते, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी तो कॅन बायकोच्या हातातून हिसकावला आणि चपला न घालता धावत सुटले.

सासरे तिसऱ्या वळणावर सापडले. गाडी कडेला स्टँडवर होती, रुमालावर प्लग काढून ठेवलेला होता आणि सासरे टाकीला कान लावून उभे होते.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "पेट्रोल फुल्ल आहे, प्लग साफ आहे, तरी गाडी बंद! माझी तर मती गुंग झाली." मग त्यांचं लक्ष कॅनवरच्या अक्षरांकडे गेलं. "हे काय? फरशी पुसायला निघालात?"

घड्याळजींनी कॅन खाली ठेवला, खिशात हात घातला आणि छर्रा सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला.

"मी काढला," ते म्हणाले. "आवाज येत होता. मला वाटलं, कुणातरी..." गाढवाने हा शब्द त्यांनी गिळला. "पेट्रोल ह्याच्यात राहिलं. चुकलं माझं, बाबा. तुम्ही हात लावू नका म्हणाला होतात."

सासऱ्यांनी छर्रा दोन बोटांत धरून उन्हात फिरवून पाहिला. रस्त्यावरून एक सायकल गेली. घड्याळजींना वाटलं, आता अकरा वर्षांचं सगळं एकदम बाहेर येणार.

"काढलात कसा?" सासऱ्यांनी विचारलं.

"अं?"

"आत काठ आहे. छर्रा काठाला वळसा घालून परत जातो. मग काढलात कसा?"

घड्याळजींनी सांगितलं. आतला चुंबक, बाहेरचा चुंबक, मोजा, पितळी चिमटा. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा "मोजा कशाला?" म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून मान हलवली. मग त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"सतरा वर्षांपूर्वी," ते आवाज उतरवून म्हणाले, "मी चाकाचं बेअरिंग बदलत होतो. टाकीचं झाकण उघडं राहिलं होतं. छर्रा हातातून निसटला तो थेट आत. तीन दिवस काढत होतो. पंपघरातले सहा फिटर लावले. नाही निघाला. मग कुणीतरी विचारलं, फोरमनसाहेब, टाकीत काय वाजतंय? आता काय सांगणार? सांगितलं, मीच सोडलाय, पेट्रोल कळायला. ते साहेबांच्या कानावर गेलं."

"आणि प्रशस्तिपत्र?"

"ते नको म्हणायची सोय नव्हती. सगळ्यांसमोर दिलं."

बोलण्यासारखं बरंच होतं, पण घड्याळजींनी त्याऐवजी कॅन उचलून टाकीत पेट्रोल ओतलं. सासऱ्यांनी प्लग बसवला. मग त्यांनी छर्रा जावयापुढे धरला.

"टाका आत."

"परत?"

"घरी भिंतीवर टांगलंय ना ते. तुमच्या सासूबाई रोज पुसतात."

घड्याळजींनी छर्रा टाकीच्या तोंडावर धरला. सकाळपासूनचे सात तास त्यांना आठवले. मग त्यांनी बोटं सोडली. टप्प. सासऱ्यांनी गाडी हलवली, कान लावला. खुळ्ळ.

"निम्मी टाकी," ते अधिकाराने म्हणाले.

टाकीत पाव टाकीही पेट्रोल नव्हतं. ते घड्याळजींनी आत्ताच स्वतः ओतलं होतं. "निम्मी," ते म्हणाले.

सासरे गाडीवर बसले. किक मारायला पाय उचलला आणि थांबले. "वाजले किती? उशीर झाला म्हणून ती बोलेल."

सवयीने घड्याळजींनी मनगट समोर धरलं. काटे तीनला दहा कमीवर उभे होते, आणि सेकंदाचा काटा जागचा हलत नव्हता. त्यांनी उन्हाकडे पाहिलं, अंदाज बांधला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पावणेपाच."

ऑपरेशन झालेले सासऱ्यांचे डोळे मनगटावरच होते. ते डोळे घड्याळावरून जावयाच्या चेहऱ्यावर आले, तिथे क्षणभर थांबले, आणि पुढे रस्त्याकडे वळले.

"बरोबर," सासरे म्हणाले. "पावणेपाचच असणार. तुमचं घड्याळ कधी चुकत नाही." आणि त्यांनी किक मारली.